डब्ल्यूएनबीएमध्ये मुख्य प्रशिक्षक कसे नेमले जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या महिला व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, म्हणजे डब्ल्यूएनबीएच्या, १२पैकी ७ संघांत मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी झाली. वर्षभराने तीन संघांनी बदल केले, त्यातल्या डॅलसने दुसऱ्यांदा. २०२४चा हंगाम ज्या प्रशिक्षकांसोबत सुरू झाला होता, तेच प्रशिक्षक २०२५ संपताना टिकवून असलेले संघ उरले फक्त तीन : मिनेसोटा, लास वेगास आणि फिनिक्स.

पहाटे उठून हे सामने बघणारे आम्ही काही जण आहोत. आपल्याकडे बास्केटबॉल खेळलेल्या, मुलींना शिकवणाऱ्या मंडळींकडून या नेमणुकांबद्दल तेच ते प्रश्न सारखे येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते स्पष्ट सांगितलं आहे.

प्रशिक्षक नेमतं कोण? लीग की संघ?

संघ. लीगचा त्यात हात नसतो. साधारणपणे जनरल मॅनेजर, म्हणजे संघात कोण खेळणार हे ठरवणारा अधिकारी, उमेदवार शोधतो, मुलाखती घेतो, नाव पुढे करतो आणि मालक त्यावर शिक्कामोर्तब करतो. मालक किती लक्ष घालतो यावर पुढचं सगळं ठरतं. लास वेगास एसेस २०२१मध्ये मार्क डेव्हिस यांनी विकत घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बेकी हॅमन यांची नेमणूक झाली. डेव्हिस यांनी पैसा मोकळा सोडला नसता तर ती झाली नसती.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असत. मिनेसोटात चेरिल रीव्ह आजही संघाच्या बास्केटबॉल विभागाच्या अध्यक्ष आणि मुख्य प्रशिक्षक अशा दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळतात. पण आता बहुतेक संघ ही कामं वेगळी ठेवतात. ते बरंच आहे. ज्याने खेळाडू निवडले त्यानेच त्यांना बाकावर बसवायचं, आणि हरल्यावर जाब विचारायलाही तोच, या व्यवस्थेत चूक कोणाची हे कधी कळतच नाही.

नेमणुका वर्षात कधी होतात?

हंगाम मे महिन्यात सुरू होतो आणि अंतिम मालिका ऑक्टोबरपर्यंत जाते. त्यामुळे काढणं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नवी नावं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने करायची निवड, असतो, त्याआधी खेळाडूंच्या करारांची धावपळ. नवा माणूस नाताळपर्यंत यायलाच हवा.

यात एक अडचण अशी की कॉलेजचा हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. लॉस एंजेलिस स्पार्क्सने लिन रॉबर्ट्स यांना युटा विद्यापीठातून आणि अटलांटा ड्रीमने कार्ल स्मेस्को यांना फ्लोरिडा गल्फ कोस्ट विद्यापीठातून आणलं, ते दोन्ही २०२४च्या नोव्हेंबरमध्ये. कॉलेजचे सामने नुकते सुरू झालेले, मुली मैदानात उतरलेल्या, आणि मुख्य प्रशिक्षक निघून गेलेले. त्या मुलींनी अनेकदा त्या प्रशिक्षकाकडे बघूनच ते कॉलेज निवडलेलं असतं. या बातम्या आल्या की सगळं कौतुक नव्या संघाकडे जातं. मागे राहिलेल्या संघाचं काय झालं हे फार थोडे विचारतात.

उमेदवार येतात कुठून?

मुख्यतः चार वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे लीगमधलेच सहायक प्रशिक्षक. चेरिल रीव्ह डेट्रॉइट शॉकमध्ये बिल लेंबियर यांच्या हाताखाली सहायक होत्या. २०१०मध्ये त्या मिनेसोटात मुख्य प्रशिक्षक झाल्या आणि २०११, २०१३, २०१५, २०१७ अशी चार विजेतेपदं त्यांनी मिळवली. अलीकडे हॅमन यांच्या लास वेगासच्या बाकावरून, म्हणजे त्यांच्या सहायकांतून, दोन मुख्य प्रशिक्षक बाहेर पडले : गोल्डन स्टेट वाल्किरीजच्या नताली नाकासे आणि शिकागो स्कायचे टायलर मार्श.

दुसरी वाट कॉलेजची. ही सगळ्यात जुनी. १९९७मध्ये लीगचा पहिला हंगाम झाला तेव्हा ह्यूस्टन कॉमेट्सने मिसिसिपी विद्यापीठातून व्हॅन चान्सेलर यांना आणलं आणि पहिली चारही विजेतेपदं, १९९७ ते २०००, ह्यूस्टननेच नेली. स्मेस्को हे याच वाटेचं ताजं उदाहरण. दोन दशकांहून अधिक काळ एकाच कॉलेजात राहिलेला हा माणूस व्यावसायिक खेळात नवखा होता. पहिल्याच वर्षी, २०२५मध्ये, अटलांटाने ४४पैकी ३० सामने जिंकले. फ्रँचायझीच्या इतिहासात तेवढे विजय कधी मिळाले नव्हते.

तिसरी वाट पुरुषांच्या एनबीएमधल्या सहायकांची. तिच्याबद्दल सर्वात जास्त भांडणं होतात म्हणून पुढे स्वतंत्र प्रश्न घेतला आहे.

चौथी वाट परदेशाची, आणि ती अजून पायवाटच आहे. कनेटिकट सनने २०२४च्या अखेरीस फ्रान्सचे रशीद मेझियान यांना नेमलं. त्यांच्या हाताखाली बेल्जियमच्या महिला संघाने २०२३चं युरोपीय विजेतेपद मिळवलं होतं. डब्ल्यूएनबीएच्या कितीतरी खेळाडू आपला हिवाळा युरोपच्या क्लबांत खेळून काढत आल्या आहेत, तिथल्या प्रशिक्षकांना त्या आतून ओळखतात. तरी मालकांची नजर तिकडे क्वचितच जाते.

आणि या चारही वाटांच्या मुळाशी ओळखपाळख असते, हे सांगायलाच हवं. २०२४मध्ये लॉस एंजेलिसने कर्ट मिलर यांना मुख्य प्रशिक्षकपदावरून मोकळं केलं. काही आठवड्यांत ते डॅलस विंग्सचे जनरल मॅनेजर झाले आणि त्यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमलं ख्रिस कोक्लेनस यांना, जे पूर्वी त्यांचेच सहायक होते. वर्षभराने मिलर यांनीच त्यांना काढलं. ओळखीचा माणूस घेण्यात गैर काही नाही, विश्वास तिथूनच येतो. पण मग 'देशभर शोध घेतला' असं म्हणू नये.

पगार किती असतो?

हॅमन २०२२च्या हंगामासाठी आल्या तेव्हा वर्षाला दहा लाख डॉलरच्या वरचा आकडा छापून आला. तोवर या लीगमध्ये एवढा पगार कोणत्याही प्रशिक्षकाला मिळाला नव्हता. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये फिनिक्स मर्क्युरीने नेट टिबेट्स यांना नेमलं, तेव्हा ते सर्वाधिक पगाराचे प्रशिक्षक झाल्याच्या बातम्या आल्या. बाकीच्यांचे आकडे संघ सहसा जाहीर करत नाहीत.

तुलनेसाठी हे लक्षात ठेवा. २०२५मध्ये लीगमधल्या खेळाडूला मिळू शकणारा कमाल मूळ पगार सुमारे अडीच लाख डॉलर होता. म्हणजे बाकावरून सूचना देणारी व्यक्ती मैदानावरच्या सर्वोत्तम खेळाडूच्या चौपट कमवत होती. खेळाडूंच्या संघटनेने २०२४मध्ये लीगबरोबरच्या जुन्या सामूहिक करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, त्यामागे हे सगळे हिशेब होते. प्रशिक्षकांच्या पगारावर मर्यादा नाही, खेळाडूंच्या पगारावर आहे.

कॉलेजचे आकडे मात्र आणखी वरचे आहेत. दक्षिण कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांचा २०२५मधला करार वर्षाला ४० लाख डॉलरपासून सुरू होतो. त्यामुळे 'स्टेली डब्ल्यूएनबीएमध्ये का येत नाहीत?' या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देऊ शकता.

एनबीएचा अनुभव असला की झालं, असं का मानलं जातं?

कारण मालकांना तो अनुभव ओळखू येतो. अनेक मालकांचा स्वतःचा एनबीए संघ असतो किंवा त्यांचे सगळे मित्र त्या जगातले असतात. २०२५नंतर न्यूयॉर्क लिबर्टीने गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सहायक ख्रिस डिमार्को यांना आणलं, पोर्टलंड फायरने क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सचे सहायक अ‍ॅलेक्स सरामा यांना.

टिबेट्स यांची नेमणूक या वादाचं ठळक उदाहरण ठरली. एनबीएमध्ये बरीच वर्षं सहायक, पण महिलांच्या संघाला व्यावसायिक पातळीवर एक दिवसही शिकवलेलं नाही, आणि थेट सर्वाधिक पगार. टीका खूप झाली. त्यांचे वडील दक्षिण डकोटात शाळकरी मुलींच्या बास्केटबॉलचे नावाजलेले प्रशिक्षक होते आणि आपण त्या मैदानावरच वाढलो, असं त्यांच्या बाजूने सांगितलं गेलं. २०२५मध्ये फिनिक्स अंतिम मालिकेत पोचला. तिथे लास वेगासने ४-० हरवलं, पण अंतिम मालिकेपर्यंत नेणाऱ्या प्रशिक्षकाला अपयशी म्हणता येत नाही.

म्हणजे टीका चुकीची होती का? मला तसं वाटत नाही. आक्षेप टिबेट्स यांच्या कुवतीवर नव्हता. महिला बास्केटबॉलमध्ये पंधरा-वीस वर्षं सहायक म्हणून राबलेल्या बायकांना 'अजून मुख्य पदाचा अनुभव नाही' हे कारण दिलं जातं आणि तेच कारण एनबीएच्या सहायकाला लागू होत नाही, यावर होता. तो आक्षेप फिनिक्सच्या विजयांनी मिटत नाही.

उलट दिशेनेही दार उघडं आहे का? महिला प्रशिक्षक एनबीएमध्ये जातात?

सहायक म्हणून, हो. मुख्य प्रशिक्षक म्हणून एनबीएने आजवर एकाही महिलेला नेमलेलं नाही.

हॅमन यांची गोष्ट नीट बघा. १९९९मध्ये ड्राफ्टमध्ये त्यांना कोणी घेतलं नाही, तरी त्या या लीगच्या मोठ्या खेळाडू झाल्या. २०१४मध्ये एनबीएच्या सॅन अँटोनियो स्पर्सचे मुख्य प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी त्यांना तिथे सहायक केलं. २०१५मध्ये त्यांनी स्पर्सच्या संघाला नवख्या खेळाडूंच्या उन्हाळी लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. ३० डिसेंबर २०२० रोजी पोपोविच यांना पंचांनी बाहेर काढल्यावर उरलेला सामना त्यांनी चालवला. एनबीएच्या अधिकृत सामन्यात महिलेने ती जागा घेण्याची ती पहिलीच वेळ. काही एनबीए संघांनी त्यांच्या मुलाखतीही घेतल्या. नेमलं कोणीच नाही. मग त्या लास वेगासला आल्या आणि २०२२, २०२३, २०२५ अशी चार वर्षांत तीन विजेतेपदं जिंकल्या. २०२५मध्ये तर ऑगस्टच्या सुरुवातीला मिनेसोटाने त्यांच्या संघाला ५३ गुणांनी धुतलं होतं. त्यानंतरचे साखळीतले सोळाच्या सोळा सामने लास वेगासने जिंकले.

दुसऱ्या बाजूने जेम्स वेड यांचं उदाहरण आहे. २०२१मध्ये शिकागोला विजेतेपद मिळवून देणारे हे प्रशिक्षक २०२३चा हंगाम अर्ध्यावर सोडून टोरंटो रॅप्टर्समध्ये सहायक म्हणून गेले. विजेत्या मुख्य प्रशिक्षकाला एनबीएमधलं सहायकपद पुढचं पाऊल वाटतं, यावरून दोन लीगमधलं अंतर कळतं.

महिलांच्या लीगमध्ये पुरुष प्रशिक्षक एवढे का?

सुरुवात अशी नव्हती. १९९७च्या पहिल्या हंगामात आठपैकी सात संघांच्या मुख्य प्रशिक्षक महिला होत्या, पुरुष एकटे चान्सेलर. गंमत अशी की विजेतेपद मात्र त्यांच्याकडेच गेलं आणि मग जात राहिलं. लीग सुरू झाल्यावर महिला प्रशिक्षकाला पहिलं विजेतेपद मिळायला २००४ उजाडलं. सिअ‍ॅटल स्टॉर्मच्या अ‍ॅन डोनोवन यांनी ते मिळवलं.

याच्या मागे आणखी जुना इतिहास आहे. १९७२मध्ये अमेरिकेत शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा 'टायटल नाइन' कायदा आला. तेव्हा कॉलेजांतल्या महिला संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक महिला होत्या. कायद्यामुळे मुलींच्या खेळात पैसा आला, नोकऱ्यांना पगार आणि मान आला, आणि पुरुष त्या नोकऱ्यांकडे वळले. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरलं. खेळायला मिळालेल्या मुलींची संख्या अनेक पटींनी वाढली आणि त्यांना शिकवणाऱ्या बायकांचा वाटा मात्र आक्रसला. मला वाटतं, आपल्याकडे मुलींच्या क्रिकेटमध्ये पैसा येतोय तेव्हा हा इतिहास नजरेसमोर असावा.

आणि कृष्णवर्णीय महिला?

लीगमधल्या बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. २०२५च्या हंगामात मुख्य प्रशिक्षकांमध्ये कृष्णवर्णीय महिला एकच होत्या, सिअ‍ॅटलच्या नोएल क्विन. हंगाम संपल्यावर त्याही गेल्या.

टेरेसा वेदरस्पून यांना शिकागोने २०२४मध्ये एका हंगामानंतर काढलं. हिशेब होता १३ विजय, २७ पराभव, आणि संघाचा भार नवख्या खेळाडूंवर. त्यांच्या जागी आलेल्या मार्श यांच्या पहिल्या वर्षात संघ १० जिंकला, ३४ हरला. त्यांना दुसरं वर्ष मिळालं. मार्श यांना वेळ मिळाला हे योग्यच झालं. वेदरस्पून यांना तोच वेळ का मिळाला नाही, हा माझा प्रश्न आहे.

प्रशिक्षकाला किती वेळ द्यायला हवा?

रीव्ह यांच्या पहिल्या वर्षी मिनेसोटाने १३ सामने जिंकले, २१ गमावले. त्यांना काढलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. पुढच्या ड्राफ्टमध्ये माया मूर आली आणि त्याच वर्षी संघ विजेता झाला. याउलट डॅलसने २०२५मध्ये पेज बेकर्ससारखी खेळाडू पहिल्या क्रमांकावर घेतली, संघ १०-३४ राहिला, आणि कोक्लेनस यांना एका हंगामात निरोप मिळाला.

एका वर्षात प्रशिक्षकाचं काही कळत नाही असं माझं ठाम मत आहे. सराव शिबिराला काही आठवडेच मिळतात, बऱ्याच खेळाडू परदेशातून थेट येतात, आणि मग ४४ सामने घाईघाईत उरकायचे असतात. सराव करायला दिवसच उरत नाहीत. दोन पूर्ण हंगाम आणि मनासारखे सहायक निवडण्याची मोकळीक, हे किमान आहे.

विजेतेपद मिळवल्यावर तरी नोकरी पक्की?

नाही. सँडी ब्रॉन्डेलो यांनी २०२४मध्ये न्यूयॉर्क लिबर्टीला पहिलं विजेतेपद दिलं. लीग सुरू झाल्यापासून हा संघ त्याची वाट बघत होता. २०२५मध्ये दुखापतींनी संघ पोखरला, बाद फेरीत लवकर बाहेर पडला, आणि करार वाढवला गेला नाही. त्यांना मात्र फार थांबावं लागलं नाही. टोरंटो टेम्पो या नव्या संघाच्या त्या पहिल्या मुख्य प्रशिक्षक झाल्या.

खेळाडूंचं मत विचारतात का?

मोठ्या खेळाडूंचं अनौपचारिकपणे विचारलं जातं. लेखी नियम नाही. २०२५नंतर बहुतेक अनुभवी खेळाडूंचे करार एकदमच संपत होते, त्यामुळे तेव्हा नेमलेल्या प्रशिक्षकांना आपल्याकडे कोण खेळणार हेच ठाऊक नव्हतं. अशा वेळी खेळाडूंना आवडेल असं नाव निवडणं हाच संघबांधणीचा पहिला टप्पा होतो.

नव्या संघांचं गणित वेगळं असतं का?

असतं, आणि वाल्किरीजने ते चांगलं सोडवलं. आधी, मे २०२४मध्ये, जनरल मॅनेजर म्हणून ओहेमा न्यानिन आल्या, ऑक्टोबरमध्ये नाकासे यांची नेमणूक झाली, आणि डिसेंबरमध्ये बाकीच्या संघांनी राखून न ठेवलेल्या खेळाडूंतून चमू उभा राहिला. प्रशिक्षक आधी ठरल्यामुळे खेळाडू तिच्या पद्धतीला धरून निवडता आले.

नाकासे यांनी एनबीएच्या लॉस एंजेलिस क्लिपर्समध्ये सामन्यांच्या चित्रफिती कापण्यापासून सुरुवात केली होती. त्याआधी जपानमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक संघाला शिकवलं होतं. लीगच्या त्या पहिल्या आशियाई-अमेरिकी मुख्य प्रशिक्षक. पहिल्याच हंगामात संघ २३-२१ राहिला आणि बाद फेरीत गेला. कोणत्याही नव्या संघाला पदार्पणात हे जमलं नव्हतं. वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा किताब नाकासे यांना मिळाला.

हंगामी प्रशिक्षकाला पद कायम मिळतं का?

क्वचित. क्विन यांच्यावर हंगामी राहायची वेळच आली नाही. २०२१मध्ये मुख्य प्रशिक्षक डॅन ह्यूज हंगाम सुरू असतानाच निवृत्त झाले आणि सिअ‍ॅटलने क्विन यांना थेट मुख्य प्रशिक्षक केलं. २०२३मध्ये फिनिक्सने निकी ब्लू यांना हंगामापुरतं बसवलं आणि नंतर टिबेट्स यांना आणलं.

भारतीय वंशाच्या प्रशिक्षक आल्या आहेत असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. सोनिया रमण. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये सिअ‍ॅटल स्टॉर्मने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं. या लीगमध्ये त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय वंशाच्या व्यक्ती.

त्यांचा प्रवास मला विशेष भावतो, कारण तो वर सांगितलेल्या कोणत्याही एका वाटेने झालेला नाही. कायद्याची पदवी, काही वर्षं वकिली. मग २००८पासून बारा वर्षं अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक. एमआयटीत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, तिथल्या मुली प्रयोगशाळेतून सरावाला येतात. अशा ठिकाणी त्यांनी संघ घडवला. २०२०मध्ये एनबीएच्या मेम्फिस ग्रिझलीजने त्यांना सहायक केलं, २०२५मध्ये त्या न्यूयॉर्क लिबर्टीच्या बाकावर होत्या, आणि तिथून सिअ‍ॅटल.

पण हेही बघा : हॅमन, नाकासे, रमण, तिघींनाही आधी पुरुषांच्या बाकावर बसून यावं लागलं. एमआयटीतली बारा वर्षं कोणत्याही महिला संघाच्या मालकाला पुरेशी वाटली नव्हती.

मग आपल्याकडे काय परिस्थिती आहे?

भारतात महिलांची या तोडीची व्यावसायिक लीग नाही. चांगल्या खेळाडू रेल्वेत नोकरी करतात आणि रेल्वेकडून खेळतात. पुण्याची शिरीन लिमये हे त्यातलं आपल्या जवळचं नाव. २०१७मध्ये बंगळुरूत भारताच्या महिला संघाने आशिया चषकाच्या ब गटाचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा मुख्य प्रशिक्षक सर्बियाचे झोरान विसिच होते.

खेळणं थांबल्यावर या मुली जातात कुठे, हे विचारायला हवं. रेल्वेची नोकरी सुरक्षित असते, प्रशिक्षकाचं मानधन नसतं, आणि मैदानावर संध्याकाळी सहा ते आठ थांबायचं म्हणजे घरच्या वेळा सांभाळणं अवघड. मी ज्या मैदानावर खेळले तिथे प्रशिक्षकाला आम्ही 'सर' म्हणायचो, कारण दुसरं कोणी कधी नव्हतंच. आता तिथे दहा-बारा वर्षांच्या मुलींची एक तुकडी आमच्याच बरोबरची एक जण घेते. मुली तिला 'ताई' म्हणतात. शनिवारी सकाळी त्या सिअ‍ॅटलच्या सामन्यांचे तुकडे मोबाइलवर बघतात आणि बाकाजवळ उभ्या असलेल्या रमण यांच्याकडे बोट दाखवून विचारतात, ही कोण?